अकराची स्प्रिंग

माझ्या मावशीला नेमबाजीच्या क्लबात सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. तिची गाडी शिकवण्याची शाळा आहे, एका गाडीची, आणि त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. तो तिच्याइतका निर्दयपणे कुणी वापरला नसेल. मी तिच्याकडेच शिकले. पहिल्याच वळणावर तिने ब्रेक मारला, माझं कपाळ स्टीअरिंगवर आपटलं आणि बाईसाहेब म्हणाल्या, "बरं झालं, आता लक्षात राहील." राहिलं की! अजून त्या वळणावर माझा पाय आपोआप उचलला जातो.

शिकवणी संपली की ती थेट रेंजवर. मला कळायला लागल्यापासून ती पिस्तूल चालवते आहे. एका जागी उभं राहून, एक डोळा मिटून, शांतपणे गोळी मारायची ती तऱ्हा नव्हे. तिच्या स्पर्धेत पळायचं असतं, फळ्यांच्या आडून डोकवायचं असतं, पुठ्ठ्याची लक्ष्यं नेम धरून फोडायची असतात आणि मागे एक माणूस कानाशी टायमर धरून उभा असतो. माझी आई म्हणते, हिला लहानपणी कुणी बाहुली दिली असती तर आज हे दिवस आले नसते. मावशी म्हणते, दिली होती, तिचं डोकं निघालं.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, पिस्तुलं दुरुस्त करतात. लग्नाआधी ती त्यांच्याकडे पिस्तूल घेऊन गेली, ते म्हणाले ही स्प्रिंग तुम्हाला जड आहे, ती म्हणाली तुम्हाला काय कळतं, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे. गॅरेजच्या मागे त्यांची खोली. एका भिंतीला शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड, त्याच्या जबड्यांना चामडं लावलेलं. समोर काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीत एकाच वजनाच्या स्प्रिंगा: नऊ, अकरा, तेरा, सोळा, अठरा. पौंडात मोजतात. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला सगळे स्लाइड म्हणतात, धाडकन मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि ही स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते. एवढंच तिचं काम. पण या एवढ्याशा कामावरून त्या घरात जितकी भांडणं झाली तितकी सासू-सून एका ओट्यापाशी असतानाही होत नसतील.

काकांचं म्हणणं साधं होतं. स्प्रिंग जड लावा, पिस्तूल टिकेल. हलकी लावली तर स्लाइड मागे येऊन फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर आदळते, लोखंडावर लोखंड, आणि एक दिवस फ्रेमला चीर जाते. मावशीचं म्हणणं त्याहून साधं. जड स्प्रिंग स्लाइडला इतक्या जोरात पुढे आणते की नळी खाली नाक खुपसते. नळीच्या टोकावरचा बारका उंचवटा, ज्याला नेमबाज माशी म्हणतात, तो लक्ष्याच्या खाली जातो, आणि दुसरी गोळी मारायच्या आधी त्याला वर आणत बसावं लागतं. "मला माशी जिथून उठली तिथेच परत बसायला हवी," ती म्हणायची. "तुमची फ्रेम काय, कपाटात ठेवून पूजा करायचीय का?"

मग दोघं रेंजवर जायची. काका स्प्रिंग बदलायचे, ती दोन-दोन गोळ्या मारायची, काका तिच्या हाताकडे बघायचेच नाहीत, जमिनीकडे बघायचे. पुंगळ्या पायाशीच टपकल्या तर स्प्रिंग जड. पार बांधापर्यंत उडाल्या तर हलकी. तीन-चार पावलांवर ढीग पडला की काका नाखुशीने मान हलवायचे. तिच्या हलक्या काडतुसांना ढीग अकराच्या स्प्रिंगवर पडायचा. दर वेळी. मावशी फक्त हसायची, आणि ते हसणं काकांना चार शब्दांपेक्षा जास्त झोंबायचं.

मग तिचे अंगठे गेले. गेले म्हणजे आहेत जागेवरच, पण बुडाशी संधिवात, दोन्ही हातांना. आधी बरणीची झाकणं, मग कुलपाची किल्ली, मग शर्टाची वरची गुंडी. डॉक्टर म्हणाले, आता हे खेळ पुरे, वाचन वगैरे करा. "वाचायला पानं उलटावी लागतात," मावशी म्हणाली. "ती काय पायाने उलटू?"

पिस्तुलात अंगठ्याचं मुख्य काम एकच. शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागेच अडकून राहते. खाली एक आकडा असतो, तो तिला धरून ठेवतो. गोळ्या भरलेलं नवं मॅगझीन घातलं की अंगठ्याने त्या आकड्याची कळ दाबायची, स्लाइड पुढे जाते, पिस्तूल पुन्हा तयार. मावशीच्याने ती कळ दबेना. इतरांनी पिस्तूल विकलं असतं. तिने दुसरी तऱ्हा काढली. डावा पंजा स्लाइडवर वरून टाकायचा, चार बोटं आणि तळवा यांत ती आवळायची, केसभर मागे ओढून सोडायची. ओढलं की आकडा आपसूक निसटतो. अंगठ्याचं कामच नाही. आणि अकराची स्प्रिंग असल्यामुळे तेवढी ताकद तिला पुरायची. महिनाभर तिने स्वयंपाकघरात रिकाम्या पिस्तुलावर हेच केलं. टेबलावर चहा निवत असायचा आणि खटक, खटक, खटक. काका वर्तमानपत्रामागून बघायचे.

सकाळी ती गरम पाण्यात हात बुडवून बसलेली काकांना दिसायची. ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची. पाठ केली म्हणून काय लपतं?

आता क्लबाचा सेक्रेटरी. त्याच्याबद्दल बरं बोलायचा मी प्रयत्न करते, जमत नाही. टायरचं दुकान आहे त्याचं, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यावर साखर भुरभुरलेली. आंतरक्लब स्पर्धेसाठी चौघांचा संघ निवडायचा होता. निवड एका दिवसाची, सहा फेऱ्या, पहिले चार आत. मावशी गेली कित्येक वर्षं त्या चौघांत असायची. यंदा सेक्रेटरी तिच्या गाडीपाशी आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "ताई, आम्ही विचार करतोय, तुम्हाला सल्लागार करावं. मानाची खुर्ची. नव्यांना तुमचा अनुभव मिळेल."

"अनुभव पाहिजे तर माझ्या गाडीत बसा," मावशी म्हणाली. "तासाचे पैसे घेते."

"तसं नाही हो ताई, हाताचं कळलं आम्हाला..."

"हाताचं कळलं, आता नेमाचंही कळेल. शनिवारी येतेय मी." आणि तिने काच वर केली. त्याची बोटं थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर मात्र ती खुर्चीत बसून राहिली. मी चहा करत होते. म्हणाली, "एकदा चौघांतून बाहेर गेले ना, तर हे लोक मला परत आत येऊ देणार नाहीत. दार लावून घेतील आणि वर म्हणतील, काळजीपोटी लावलं." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. काका दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं.

शनिवारी मीच गाडी चालवली. मावशी शेजारी, पाय सवयीने नसलेल्या ब्रेकवर. काका मागे, मांडीवर पिस्तुलाची पेटी. आदल्या दिवशी त्यांनीच ते साफ केलं होतं, नेहमीसारखं.

पहिल्या तीन फेऱ्या बघायला मी दोरीमागे उभी होते आणि ओरडू नये म्हणून ओठ चावत होते. काय मारलं तिने! घाई नाही, आणि तरी कुठे थांबलेली दिसेना. फळीआडून डोकावली की दोन आवाज, पुढची फळी, दोन आवाज. तिसरी फेरी संपली तेव्हा ती दुसरी होती. तिच्या पुढे फक्त एक दातांची डॉक्टरीण, ती तर तिच्या निम्म्या वयाची. सेक्रेटरी फळ्यावर आकडे लिहीत होता आणि त्याचा खडू जरा सावकाश चालत होता.

चौथ्या फेरीत नियम असा होता की एक मॅगझीन पूर्ण रिकामं करायचं, मग बदलायचं. शिट्टी झाली. मावशीने मारल्या, स्लाइड मागे अडकली, रिकामं मॅगझीन खाली पडलं, नवं आत गेलं. डावा पंजा वर गेला, आवळला, ओढला.

स्लाइड हलली नाही.

तिने पुन्हा ओढलं. सगळी रेंज बघत होती. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा तिच्या मानेच्या शिरा मला दोरीमागून दिसल्या. अंगठा कळीवर ठेवला, दाबला, तो लटपटला आणि घसरला. माझ्या शेजारून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. असा राग आला मला, त्या "अरेरे"चा, की वळून बघावं आणि एक ठेवून द्यावी.

मावशीने अरेरे वगैरे काही केलं नाही. पिस्तुलाचं तोंड समोर ठेवून तिने पट्ट्यातून आणखी एक मॅगझीन उपसलं आणि त्याच्या पोलादी कडेने कळीवर टोला हाणला. खटकन स्लाइड पुढे गेली. उरलेली सगळी लक्ष्यं तिने फोडली, एकही चुकवलं नाही. पण टायमर कुणाची वाट बघत नाही. दुसरीवरून ती सहावीवर आली.

मग तपासणीच्या टेबलावर तिने पिस्तूल उघडलं. काका तिच्या मागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने स्प्रिंग बाहेर काढली. अकराचीच होती. पण तिच्या मागे, फ्रेमला टेकून, एक निळी रबरी चकती बसलेली होती, कोटाच्या बटणाएवढी जाड.

बफर म्हणतात त्याला. स्लाइड मागे आली की फ्रेमवर न आदळता त्या चकतीवर आदळते. फ्रेम वाचते, हाताला धक्काही जरा मऊ बसतो. पण चकती जेवढी जाड, तेवढी स्लाइडची मागे जायची जागा कमी. आकड्यातून सुटायला तिला जो केसभर मागे जायचा वाव लागतो, तोच चकतीने खाल्ला होता. बफर असताना ओढून स्लाइड सुटतच नाही. अंगठ्यानेच सोडावी लागते.

"तुझ्या हाताला धक्का बसायचा गं," काका म्हणाले. "म्हटलं, एवढं तरी मऊ होईल. मी तपासलं होतं. दहादा तपासलं."

"कशाने?"

काका चकतीकडे बघत राहिले.

"कशाने तपासलंत?"

त्यांनी आपला उजवा अंगठा वर केला. धडधाकट, तेलाने काळा पडलेला, शेगड्यासारखा घट्ट अंगठा. महिनाभर तिचा पंजा त्यांनी स्वयंपाकघरात बघितला होता. आणि खोलीत एकटे बसले तेव्हा हात आपल्या सवयीने गेला. इतकी वर्षं सगळ्यांची पिस्तुलं ज्या अंगठ्याने तपासली, त्यानेच तिचंही.

मावशीने चकती उपटून टेबलावर टाकली, पिस्तूल जोडलं आणि पाचव्या फेरीला गेली. पाचवी तिने जिंकली. सहावी, डॉक्टरिणीच्या बरोबरीने. सहावी फेरी संपली तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप मिटत होती आणि तिने तो हात खिशात घातला, कुणाला दिसू नये म्हणून. शेवटी बेरीज झाली. ती पाचवी आली. चौथ्यापेक्षा अगदी थोडक्याने, आणि हे थोडकं कुठे गेलं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सेक्रेटरी आला. साखर सांडत आला. "ताई, आज तुम्ही सगळ्यांची मनं जिंकलीत. मी चौथ्याशी बोललोय, तो मागे सरायला तयार आहे. तुम्ही संघातून खेळा. तुमची निरोपाची स्पर्धा म्हणून. आम्ही छान जाहीर करू."

मी मावशीकडे बघितलं. तिला ते हवं होतं. किती हवं होतं ते मला माहीत होतं, मी ती खुर्ची आणि तो आवाज विसरले नव्हते. नुसतं बरं म्हणायचं होतं तिने.

"निरोप?" ती म्हणाली. "मी कुठे चाललेय?"

"म्हणजे, हाताचं असं झाल्यावर..."

"हाताचं काही झालेलं नाही." आता ती मोठ्याने बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पिस्तुलात बफर होता. तो ह्यांनी बसवला, मला न विचारता, आणि तपासला स्वतःच्या अंगठ्याने. त्यामुळे मी पाचवी आले. पाचवी म्हणजे पाचवी. चौथ्याने गोळ्या मारल्यात, तो जाईल. तुमची दया नको आणि तुमचा निरोप तर मुळीच नको. पुढच्या निवडीला मी येणार. त्याच्या पुढच्याही. तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही सल्लागार व्हा."

काकांनी मान खाली घातली होती. सेक्रेटरीला वाटलं, आता इथे जागा सापडली. काकांकडे बघत म्हणाला, "मिस्त्रींचंही वय झालं म्हणा. आम्हालाही आता पिस्तुलं दुसरीकडे..."

"ह्यांना काय बोलायचं ते मी बोलेन," मावशी म्हणाली. "घरी बोलेन आणि पोटभर बोलेन. तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही टायर विका. आणि माझं पिस्तूल हेच दुरुस्त करणार, ऐकलंत ना सगळ्यांनी?"

हसू कुणालाच आवरलं नाही. डॉक्टरीण तर खुर्चीवर बसून हसली. सेक्रेटरी तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे मी पेटी उचलून गाडीकडे गेले.

परतताना गाडी तिने चालवली. मध्ये एकदा तिने विनाकारण ब्रेक मारला आणि मागच्या सीटवरचे काका पुढच्या सीटवर आदळले. ते "आई गं" सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची हातमोज्यांची पिशवी द्यायला गेले, ती माझ्या डिकीत राहिली होती. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात एक कप फुटून पडला होता, साखरेचा डबा आडवा. मावशी ओट्याला टेकून उभी होती आणि गॅरेजकडे बघत होती.

"काय झालं?"

"बघ जाऊन," ती म्हणाली.

काका शेगड्यापाशी बसले होते. दोन्ही हातांचे अंगठे त्यांनी तळव्यावर दुमडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, अनेक वेढे, दातांनी तोडलेली. समोर मावशीचं पिस्तूल. उरलेल्या चार-चार बोटांनी ते स्लाइड ओढत होते. बरणीतून स्प्रिंग काढायला गेले, ती निसटली, टेबलाखाली घरंगळली. वाकून शोधली. सोळाची लावून बघितली, स्लाइड निम्मीसुद्धा मागे आली नाही. तेराची लावली, आली, पण बोटं घसरली. शर्ट पुढून उघडाच होता. एकही गुंडी लागली नव्हती त्यांच्याकडून.

मावशी माझ्या मागून आत आली. म्हणाली, "झालं नाटक?"

"नाटक नाही गं," काका म्हणाले, वर न बघता. "सकाळी उठल्यापासून बांधलेत. चहा करायला गेलो तर कप फुटला. अगं, तू हे रोज करतेस?"

मावशी पुढे आली. ती त्यांच्यासमोर वाकली आणि त्यांच्या शर्टाच्या गुंड्या लावू लागली. पहिलं आणि मधलं बोट, त्यांच्या मधल्या पेरांत गुंडी धरायची आणि काजातून ढकलायची. एकेका गुंडीला वेळ लागत होता. काका गळा वर करून लहान मुलासारखे बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांना पुसताही येईना.

शेवटची गुंडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढची निवड कधी आहे?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ती सरळ झाली, पाठीला हात लावून, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "असेल तेव्हा असेल. तुम्ही नवी स्प्रिंग लावा. अकराची."

काका पट्टी सोडवायला दातांकडे हात नेऊ लागले. तिने तो हात धरून खाली टेबलावर ठेवला.

"तशीच लावा," ती म्हणाली.